चौदाजणींना ठाऊक होतं, बैठकीला नव्हतं

*नमस्कार ताई,*

*मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. आमचा चौदाजणींचा बचतगट आहे आणि मी त्याची खजिनदार. गेल्या वर्षी आम्ही कर्ज काढून मसाला कांडायची गिरण घेतली. ठराव एकमताने झाला. गिरण आली आणि मग एकेक गोष्ट बाहेर पडली. जिच्या खोलीत ती बसवायची होती, तिच्या घराची दिरांबरोबर वाटणीच झालेली नव्हती. दीर खोली देईनात. त्या वाड्यावर थ्री-फेज वीज नाही, हे आमच्यातल्या एकीला माहीत होतं, कारण तिचा नवरा लाइनमन आहे. आणि तिसरीच्या बहिणीच्या गटाने शेजारच्या गावात दोन महिने आधीच तशीच गिरण मागवली होती. तिघीही बैठकीला हजर होत्या. तिघींनीही हात वर केला होता. गिरण आज माझ्या पडवीत ताडपत्रीखाली आहे आणि हप्ते चालू आहेत.*

*आता साठलेले एक लाख ऐंशी हजार कशात घालायचे ते पुढच्या रविवारी ठरणार आहे. तीन सूचना आहेत: खोबरेल तेलाचा घाणा, चवथीसाठी नेवऱ्या-लाडू करून विकणं, किंवा लग्नकार्याला मोठी भांडी भाड्याने देणं. आमच्या अध्यक्ष निवृत्त शिक्षिका आहेत, सगळ्या त्यांना बाई म्हणतात. अर्ध्याजणी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांचा कल घाण्याकडे आहे, म्हणजे ठरल्यातच जमा. आमचे हे म्हणतात, बारभाईंची शेती, काय लागेल हाती; एकीनेच काय ते ठरवा. सासूबाई म्हणतात, देवळात कौल लावा. चौदाजणींनी मिळून मूर्खपणाच करायचा असेल, तर गट कशाला हवा?*

*— खजिनदार, डिचोली*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ताडपत्रीखालची ती गिरण डोळ्यांसमोरून हलत नव्हती, कारण तिच्यापाशी जाता-येता तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं. पण पत्रातला 'मूर्खपणा' हा शब्द आधी मागे घ्या. तुमच्या गटाला खोलीचं ठाऊक होतं, विजेचं ठाऊक होतं, शेजारच्या गिरणीचंही ठाऊक होतं. एखादा मोठा सल्लागार पैसे देऊन बोलावला असता, तर त्यालाही या तीन गोष्टी शोधायला महिना लागला असता. तुमच्या सतरंजीवर त्या तीन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. बैठकीला मात्र त्या शेवटपर्यंत कळल्या नाहीत.

त्या तिघींचं मन मी असं वाचते. लाइनमनच्या बायकोला वाटलं, एवढी मोठी खरेदी, बाईंनी विजेची चौकशी केलीच असेल. जिची खोली होती तिला वाटलं, घरातली भांडणं चारचौघींत कशाला, तोवर दीर ऐकतील. आणि जिची बहीण शेजारच्या गावात, तिला वाटलं, आता सगळ्या इतक्या आनंदात आहेत, मीच कशाला विरजण घालू. यातली एकही बाई दुष्ट नाही, एकही अडाणी नाही. प्रत्येकीने आपल्याजवळची गोष्ट लहान समजली, एवढंच.

हे फक्त तुमच्याकडे होतं असं नाही. १९८५ साली गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. चार-चार विद्यार्थ्यांचे गट केले आणि विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तिघांतून एक उमेदवार निवडायला सांगितलं. उमेदवारांबद्दलची काही माहिती चौघांनाही दिली, काही मात्र एकेकालाच वाटून दिली. सगळ्यांची माहिती एकत्र ठेवली तर कोणता उमेदवार सरस ते स्पष्ट दिसलं असतं. पण गट बोलत बसले ते चौघांनाही आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर, आणि त्या सरस उमेदवाराला बहुतेकांनी मागेच टाकलं.

तुमची ती बैठक आठवून पाहा. 'बाजारच्या मसाल्यात भेसळ असते' असं एकीने म्हटलं असेल आणि तेरा माना हलल्या असतील. मग दुसरीने तेच वेगळ्या शब्दांत म्हटलं असेल, पुन्हा माना हलल्या असतील. सगळ्यांना माहीत असलेलं बोललं की लगेच दाद मिळते. एकटीलाच माहीत असलेलं बोललं, तर पुढे क्षणभर शांतता होते. ती शांतता नको म्हणून माणसं गप्प बसतात.

माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगते, आजही बोचणारी. एका गावच्या वाचनालयाच्या समितीवर मी काही वर्षं होते. एका मे महिन्यात आम्ही सात शिकल्यासवरल्या माणसांनी जुन्या मराठी पुस्तकांची कपाटं मागच्या खोलीत, भिंतीला लावून ठेवायचं ठरवलं. एकमताने. ऑगस्टमध्ये खोली उघडली तेव्हा त्या भिंतीला ओल आली होती, खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागली होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे बांधीव अंक हातात घेतले तर भुगा. झाडलोट करायला येणारी बाई दारात उभी राहून म्हणाली, 'ती भिंत दर पावसाळ्यात अशीच भिजते. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.' आम्ही बैठक घेतली तेव्हा ती बाहेरच्या खोलीत केर काढत होती. तो ठराव मीच लिहिला होता. तेव्हापासून कोणत्याही बैठकीत 'एकमताने मंजूर' हे शब्द आले की माझा हात थबकतो.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणीकडे. बारभाई म्हटलं की त्यांना गोंधळ आठवतो. पण पेशवाईतले बारभाई आठवून पाहा. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा गादीवर बसले. तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू बोकील आणि इतर कारभारी एकत्र आले, नारायणरावांच्या पश्चात १७७४ साली जन्मलेल्या बाळाच्या नावाने राज्य चालवायचं ठरवलं आणि ते सवाई माधवरावांसाठी राखलं. त्यांच्यात मतभेद थोडे नव्हते. तरी एकट्या राघोबादादांच्या हातून जे निभलं नसतं ते त्यांनी निभावलं. डोकी पुष्कळ असली म्हणून काम बिघडतंच असं नाही, आणि पुष्कळ असली म्हणून सुधारतंच असंही नाही.

केव्हा सुधारतं ते सांगायला एका बैलाची गोष्ट आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथ इथे जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. एक धष्टपुष्ट बैल उभा केला होता. तो कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायचा, चिठ्ठीला सहा पेन्स, जवळच्या अंदाजाला बक्षीस. खाटीक होते, शेतकरी होते, आणि ज्यांना बैलातलं काही कळत नव्हतं असेही होते. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने त्या चिठ्ठ्या नंतर मागून घेतल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ निघाल्या. त्याने त्या लहानापासून मोठ्या आकड्यापर्यंत ओळीने लावल्या आणि अगदी मधली पाहिली. तिच्यावर १२०७ पौंड होते. बैल भरला ११९८ पौंड, म्हणजे सुमारे ५४३ किलो. चूक जेमतेम चार किलोंची. पुढच्या वर्षी गाल्टनने हे 'नेचर' या नियतकालिकात छापलं.

ही गोष्ट सांगून लोक 'पांचामुखी परमेश्वर' म्हणतात आणि थांबतात. मला त्यातल्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येकाने आपली चिठ्ठी एकट्याने लिहिली. शेजाऱ्याने काय लिहिलं ते ठाऊक नव्हतं. गावचा मोठा खाटीक आधी उभा राहून 'बाराशे!' असं ओरडला नव्हता. कोणी जास्त धरलं, कोणी कमी, आणि दोन्हीकडच्या चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. तो खाटीक आधी ओरडला असता आणि चुकला असता, तर सगळ्या चिठ्ठ्या त्याच बाजूला कलंडल्या असत्या. मग ७८७ चिठ्ठ्या असून मत एकच.

याचा हिशेबही मांडता येतो. फ्रान्सच्या काँडोर्से या गणितज्ञाने १७८५ सालीच तो मांडला. समजा बाई अध्यक्ष म्हणून मत देत नाहीत, उरल्या तेराजणी. होय-नाही असा प्रश्न आहे आणि प्रत्येक बाई शंभरात साठ वेळा बरोबर ठरते. म्हणजे फार हुशार नाही, नाणं उडवण्यापेक्षा थोडी बरी. या तेराजणींनी आपापल्या डोक्याने मत दिलं, तर बहुमत शंभरात सुमारे ७७ वेळा बरोबर निघतं. पण त्या बाईंकडे पाहून हात वर करत असतील, तर तेराजणींचं मत म्हणजे बाईंचं एकटीचं मत, त्यापुढे काही नाही. आणि सगळ्यांना मिळालेली माहितीच चुकीची असेल, प्रत्येकजण शंभरात चाळीस वेळाच बरोबर असेल, तर बहुमत फक्त २३ वेळा बरोबर येतं. म्हणून घाण्यात किती फायदा आहे हे तुम्हा सगळ्यांना यंत्र विकणाऱ्या एकाच माणसाने सांगितलं असेल, तर आधी दुसरीकडे विचारा. चौदाजणींनी एकाच विहिरीचं पाणी भरलं तर घागरी चौदा झाल्या तरी चव एकच.

बाईंचं काय करायचं, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांचा १९५१ चा प्रयोग तुमच्या उपयोगाचा आहे. एका खोलीत काहीजण बसवले आणि कार्डावरच्या रेघांची लांबी ओळखायला सांगितली. उत्तर इतकं सोपं की लहान मूलही चुकू नये. पण एक सोडून बाकी सगळे आधी पढवलेले होते आणि मुद्दाम एकमुखाने चुकीचं सांगत होते. त्या एकट्या माणसाने तिनातल्या एका वेळी, डोळ्यांना दिसत असतानाही, इतरांची री ओढली. मला आशा वाटते ती याच्या पुढच्या भागाने. पढवलेल्यांपैकी एकानेच खरं उत्तर दिलं, की त्या माणसाचं वाहवत जाणं एकदम कमी व्हायचं. एक सोबतीण पुरते.

तिथे अनोळखी माणसं होती. तुमच्यासमोर तर ज्यांनी हात धरून अक्षरं गिरवून घेतली त्या बाई आहेत. त्यांच्या विरुद्ध बोलणं म्हणजे अपमान, असं अर्ध्या गटाला वाटत असणार, आणि त्या आदरात वाईट काही नाही. म्हणून बैठकीत बाईंना अडवू नका. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जा. गिरणीचा दोष कोणावरही न ठेवता त्या तीन गोष्टी सांगा, की बाई, या आपल्यातच होत्या. आणि मग म्हणा, 'तुम्ही वर्गात उत्तर फळ्यावर लिहून मग मुलांना प्रश्न विचारत नव्हता. रविवारीही तुमचं मत सगळ्यात शेवटी सांगाल का?' जन्मभर शिकवलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना ते ठेच लागून शिकावं लागलं. १९६१ मध्ये क्युबावरच्या स्वारीचा बेत त्यांच्या हुशार सल्लागारांनी माना हलवत पास केला आणि तो पुरता फसला. पुढच्याच वर्षी क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचा पेच आला, तेव्हा ते सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, आपल्यासमोर माणसं मोकळं बोलत नाहीत म्हणून.

रविवारी पैशांच्या गोष्टीने सुरुवात करू नका. प्रत्येकीला दोन कागद द्या. पहिल्यावर: या तीन कामांबद्दल मला एकटीलाच माहीत असेल अशी एक गोष्ट. मत नको, माहिती हवी. 'घाणा बरा' हे मत झालं. 'आमच्या भाटात यंदा माकडांनी निम्मे नारळ खाली पाडले' ही माहिती. 'चातुर्मासात लग्नं नसतात, भांडी चार महिने पडून राहतील' हीसुद्धा. 'माझी जाऊ म्हापशाच्या बाजारात नेवऱ्या विकते, गेल्या चवथीला तिच्या किती उरल्या ते मी विचारून येते' ही तर सोन्यासारखी. खोबऱ्यातून साठ-पासष्ट टक्के तेल निघतं हे पुस्तकात सापडेल. जुलैत तुमच्या वाड्यावर ते खोबरं कुठे वाळणार, हे पुस्तकात नाही. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तेलालाही लागते. ती कुणाच्या तरी घरात कुणीतरी आधी केलेली असेल. जिला लिहिता येत नाही तिने तुमच्या मुलीच्या कानात सांगावं, मुलीने लिहावं. सगळे कागद गोळा करून, नाव न घेता, एकीने मोठ्याने वाचावेत. तोवर चर्चा नको. खरं सांगायचं तर चर्चेपेक्षा हे वाचनच मला महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या कागदावर आकडे. एका चवथीला आपल्याकडून किती नेवऱ्या खपतील? भांडी वर्षातून किती दिवस बाहेर जातील? पावसाळ्याच्या एका महिन्यात किती किलो सुकं खोबरं हाती येईल? प्रत्येकीने एकटीने लिहायचं. मग तुम्ही ते चढत्या क्रमाने मांडा. चौदा असल्यामुळे सातव्या आणि आठव्या आकड्याच्या मधला धरा. पण तिथेच थांबू नका. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा कोणाचा, हे विचारा आणि त्या दोघींना कारण सांगू द्या. एकीने नेवऱ्या पाच हजार लिहिल्या आणि एकीने चारशे, तर दोघींपैकी एकीला असं काही ठाऊक आहे जे बाकीच्यांना नाही. ऐकून झालं की पुन्हा एकदा, पुन्हा एकटीने, आकडे लिहा.

ही पद्धत मी घडवलेली नाही. अमेरिकेतल्या रँड या संस्थेत १९५० च्या दशकात ती आकाराला आली आणि तिला डेल्फी हे नाव पडलं. डेल्फी म्हणजे प्राचीन ग्रीसमधलं अपोलोचं देवस्थान, जिथे लोक देवाचा कौल घ्यायला जात. तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांना आवडेल.

कौलाबद्दल मी एवढंच म्हणेन. श्रद्धा असेल तर लावा. मीही देवळात मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांकडे श्वास रोखून पाहत उभी राहिले आहे. पण देवापुढे उभं राहून 'घाणा घेऊ का?' असं विचारण्याआधी तो घाणा कुणाच्या खोलीत आणि कोणत्या विजेवर, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. आपल्याच माणसांना विचारायचं राहिलेलं देवावर टाकू नये.

आता जे मला सगळ्यात अवघड वाटतं ते. १९९० नंतरच्या वर्षांत गॅरी क्लाइन नावाच्या अभ्यासकाने एक साधी रीत लोकांपुढे ठेवली, २००७ मध्ये तिच्यावर लेखही लिहिला. निर्णय जवळपास ठरला की सगळ्यांनी डोळे मिटून असं धरायचं, की वर्ष उलटलं आहे आणि काम पार बुडालं आहे. 'बुडेल का?' असं नाही, बुडालंच आहे. आता प्रत्येकीने दोन मिनिटांत लिहायचं, का बुडालं. प्रश्न असा फिरवला की जी बाई एरवी विरोध करायला कचरते तिच्याही हातून कारणं झरझर उतरतात, कारण आता ती कुणाला विरोध करत नाही, झालेल्या गोष्टीचं कारण शोधते.

पण आपल्याकडे हे म्हणताच कोणीतरी हात जोडेल: शुभ बोल रे नाऱ्या! नव्या कामाआधी अभद्र बोलू नये, ही आपली रीत. मी ती मोडायला सांगत नाही. कार्याच्या दिवशी, नारळ फोडताना, नकोच बोलायला. पण प्रत्येक घरात एक आजी असते जी लग्नाच्या आठ दिवस आधी विचारते, पाऊस आला तर मांडवाचं काय, भटजी आजारी पडले तर कोण, आचाऱ्याने ऐन वेळी पाठ फिरवली तर? तिला कोणी अभद्र म्हणत नाही. तिच्यामुळेच कार्य पार पडतं. रविवारची बैठक म्हणजे कार्याच्या आठ दिवस आधीचा दिवस. बाईंनीच जर 'आज आपण सगळ्या आजी व्हायचं' असं म्हटलं, तर पुढे कोणी अडणार नाही. गेल्या वर्षी अशी दोन मिनिटं मिळाली असती तर लाइनमनच्या बायकोने पहिल्याच ओळीत वीज लिहिली असती, याची मला खात्री आहे.

आपल्या गोव्यात मिळून ठरवण्याची परंपरा फार जुनी आहे. पोर्तुगीज आले तेव्हा गांवकऱ्या, म्हणजे गावची जमीन मिळून सांभाळणाऱ्या संस्था, मुळं धरून होत्या. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोराल, म्हणजे सनद, लिहिला तो या गावांच्या आधीपासून चालत आलेल्या रीतींची नोंद करण्यासाठीच. खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारं, शेतं कोणाला लावून द्यायची, हे सगळं मिळून चालायचं. अशा सामायिक मालमत्ता माणसं कशा सांभाळतात याचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा नियम करण्यात हात असेल तर व्यवस्था टिकते. पण आपल्या गांवकरीचं कौतुक करताना मला नेहमी दारापाशी थांबावं लागतं. तिथे बसत असत ते गांवकर पुरुष. चिखलात उतरून बांधाला पाझर कुठे आहे ते बघणारे कुळवाडी आणि रोज त्या बांधावरून ये-जा करणाऱ्या बायका बाहेर. माझ्या वाचनालयाच्या दारात उभी असलेली बाई तीच. तेव्हा तुमच्या गटातही पाहा, कोण दाराजवळ बसतं, कोण चहा करायला आत जातं आणि ठराव होतो तेव्हा नेमकं आतच असतं. चहा बैठक संपल्यावर करा.

एक फरक मात्र मनात ठेवा. किती नेवऱ्या खपतील या प्रश्नाला उत्तर आहे, चवथ झाली की ते कळेल. पण आपल्याला कोणतं काम करायला आवडेल, रात्र-रात्र तळणीपाशी बसायची तयारी आहे का, गटाने पैसा मिळवायचा की गावची सोय बघायची, या प्रश्नांना बैलासारखा वजनकाटा नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने जनमत कौल दिला: संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूने १,३८,१७०. आपल्यापैकी कितीतरी मराठी घरांनी त्या दुसऱ्या आकड्यात आपलं मत घातलं होतं आणि त्या रात्री त्या घरांत काय होतं ते मी मोठ्यांकडून ऐकलं आहे. तिथे कोण बरोबर ठरलं हे कोणताही आकडा सांगू शकत नाही. आपल्याला कोण व्हायचं आहे, एवढंच विचारलं होतं. अशा प्रश्नाचा मध्य काढता येत नाही. त्यावर बोलावं लागतं, मग मत द्यावं लागतं, आणि हरलेल्यांना जिंकलेल्यांनी सांभाळून घ्यावं लागतं.

म्हणून शेवटचं मत गुप्त घ्या. तीन तांबे ठेवा, हातात चिंचोके द्या: पहिल्या पसंतीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक. नुसता एकेक चिंचोका दिलात तर सहा मतांवरही एखादं काम निवडून येईल आणि आठजणींना ते नकोच असेल. निकाल लागल्यावर, जिची पसंती मागे पडली तिला विचारा, हे काम नीट व्हायचं तर काय सांभाळायचं. ती जे सांगेल ते ठराव वहीत लिहा. बचतगटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहे, वह्या लिहिणं आहे. तुमच्या वहीत निर्णयाशेजारी त्या दिवशीचे चौदा अंदाजही असू देत. पुढच्या चवथीनंतर ते पान उघडा. कोणाचे आकडे खऱ्याजवळ आले ते दिसेल. कदाचित बैठकीत कधीच न बोलणारी एखादी असेल.

आणि ती गिरण. तिचाही एक कागद करा. कोणत्या वाड्यावर थ्री-फेज आहे, कोणाच्या माहेरी अशा गिरणीची गरज आहे, तालुक्यात कोणता गट शोधात आहे, हे लिहायला सांगा. चौदाजणींची चौदा माहेरं, चौदा सासरं. माझा अंदाज आहे की तिचं गिऱ्हाईक कोण हे तुमच्यातल्या एकीला आजही ठाऊक आहे, आणि तिला वाटतं आहे की हे सगळ्यांना माहीतच असणार.

रविवारी काय झालं ते मला नक्की कळवा.